खळ्यातलं एस.टी. स्टँड

उंबरथडीला सन दोन हजार साली काय काय लागेल हे ठरवायला शाळेपुढच्या लिंबाखाली गाव जमलं, आणि त्या बैठकीत धुरपताबाईच्या नवऱ्याने हात वर करून घरचं मळणीचं खळं देऊन टाकलं.

बैठकीचं कारण आष्टीकर साहेब. दुष्काळ सरून दोन सुग्या झाल्या होत्या आणि सरकारला आता लांबचं दिसू लागलं होतं. तालुक्याहून फटफटीवर आलेल्या साहेबांचं म्हणणं असं, की आजवर वर ठरायचं आणि खाली यायचं. यापुढे गावानेच सांगायचं. पंचवीस वर्षांनी काय लागेल, कुठे लागेल ते सगळ्यांनी बसून ठरवा, गावाशेजारी खुणा करा, आठ दिवसांनी मी येऊन नकाशावर घेतो. "आणि बदल करायचा तर सगळ्यांना विचारून," जाताना ते म्हणाले. "एकट्याने नाही." मग दोन पोती चुन्याची फक्की ठेवून ते पाथरीच्या रस्त्याला लागले.

साहेबांची धूळ खाली बसली आणि खरी बैठक सुरू झाली.

मुंजाजीने उठून रेल्वे स्टेशन मागितलं. "चुडाव्याला स्टेशन हाय. आमी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"अरे, पण रूळ कुठून आणायचे?" काठीने धुळीत नकाशा काढत बसलेल्या बन्सीधर मास्तरांनी विचारलं.

"स्टेशन दिसलं की रूळ येतेत मास्तर. तुमी काढा तर."

मास्तरांनी स्टेशन काढलं.

दवाखाना सगळ्यांना हवा होता, पण घराजवळ कोणालाच नको होता. रात्रंदिवस रोग्यांचं कण्हणं कोणी ऐकावं? म्हणून तो पार माळाच्या टोकाला गेला. तेव्हा म्हातारी सरजाबाई म्हणाली, "तितवर चालत जानारा मानूस आजारी कसा रं?" यावर थोडा विचार झाला आणि दवाखाना अर्ध्या वाटेवर आला. पोस्टाला दोन पेट्या ठरल्या, एक बऱ्या बातमीची आणि एक वाईट. मास्तरांनी दोन्ही पेट्या काढल्या.

मग मास्तरांनी नवी घरं काढली. इकडे गावठाणात एक ओळ आणि तिकडे नाल्यापलीकडे, बौद्ध वस्तीच्या बाजूला, दुसरी ओळ. तेव्हा बायकांमधून पंचफुला उठली.

"मास्तर, सन दोन हजारातबी आमी नाल्याच्या पल्याडच का?"

मास्तरांची काठी थांबली.

"साहेब म्हनले पुढचं ठरवा," पंचफुला म्हणाली. "हे तर मागचंच काढायलाव तुमी."

सरपंच माणिकराव खाकरले, पण खाकरण्याच्या पुढे त्यांना काही सुचलं नाही. मास्तरांनी पायाने पलीकडची ओळ पुसली आणि सगळी घरं एका ओळीत काढली. पंचफुला खाली बसली. दुष्काळी कामावर ती आणि धुरपताबाई शेजारी बसून खडी फोडायच्या, तशाच आजही शेजारी बसल्या होत्या.

शेवटी एस.टी. स्टँड निघालं. ते प्रत्येकाला आपल्या दारात हवं होतं आणि दुसऱ्याच्या जमिनीत. बराच वेळ कोणाची जमीन आणि कोणाचं दार हे जमेना. तेव्हा तात्याराव उठले. तात्याराव म्हणजे धुरपताबाईचे मालक. माणूस कष्टाळू, पण एस.टी.चं वेड. बाजाराला गेले की बाजार बायकोवर सोडून हे पाथरीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी उभे राहायचे. परभणीहून एकदा त्यांनी शिट्टी आणली होती. ती खुंटीला टांगलेली असायची.

"माझं खळं घ्या," तात्याराव म्हणाले. "फक्त पाटीवर माझं नाव पायजे."

टाळ्या पडल्या. धुरपताबाईने कपाळाला हात लावला.

"दोन हजार साली ना?" पंचफुला तिच्या कानाशी म्हणाली. "तवाचं तवा बघू. तंवर किती सुग्या जातेल."

धुरपताबाईला धीर आला. पण तो धीर फक्की पडेपर्यंतच टिकला.

खुणा म्हणताना साहेबांच्या मनात चार खुंट्या होत्या. गावाच्या मनात दुष्काळी काम होतं. त्या कामावर सारं गाव एक गोष्ट पक्की शिकलं होतं: साहेबाने दिलेली फक्की म्हणजे कायदा. ज्या टोळीच्या पायाने रेघ पुसली, तिचं माप गेलं आणि माप गेलं की मजुरी गेली. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं पाट्या घेऊन निघाली, आणि दुपारपर्यंत उंबरथडीचं सन दोन हजार साल, पुऱ्या मापाचं, गावाच्या पूर्वेला पांढरं शुभ्र आखून तयार झालं. त्यानंतर तिथे पाय टाकायची कोणाची छाती होईना. जे पुसेल ते मिळणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पाण्याला जाणाऱ्या बाया घागरी डोक्यावर घेऊन दवाखान्याला वळसा घालू लागल्या. मुंजाजीचा बैल सुटून स्टेशनात शिरला, तर मुंजाजीलाच दंड झाला, कारण स्टेशन त्यानेच मागितलं होतं. नवा डांबरी रस्ता नेमका माणिकरावांच्या उंबऱ्यावरून गेला होता. सरपंच रोज सकाळी धोतराचा सोगा धरून दारातून उडी मारून बाहेर पडू लागले, आणि चुलीपुढे बसलेल्या घरच्यांना फक्त "धप्प" ऐकू येऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन खळं सारवायला गेली. खळ्याच्या तोंडाशी दगडावर तात्याराव बसले होते. डोक्याला धुतलेली टोपी आणि गळ्यात शिट्टी.

"सरका की," धुरपताबाई म्हणाली.

तात्यारावांनी शिट्टी वाजवली.

"अवो, काय हे?"

"स्टँड हाय. काम काय तुझं?"

"खळं सारवायचंय. ज्वारी काढून पडलीय रानात."

"प्रवासी हाईस का?"

"तुमची बायको हाय!"

"ते घरी," तात्याराव म्हणाले. "हितं मी कंट्रोलर हाय."

धुरपताबाईने पाटी खाली ठेवली आणि आभाळाकडे बघितलं. आभाळ गढूळ होत चाललं होतं. पूर्णेकडच्या गावांत गारा पडल्याची खबर काल बाजारातून आली होती. रानात कणसं मोडून ढीग घातला होता. साऱ्या वर्षाची भाकर त्या ढिगात होती. गार लागली की दाणा काळा पडणार, आणि भिजला की जागेवरच उगवणार. बरं, रानातच मळावं म्हटलं तर काळ्या जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा, निम्मा दाणा भेगांनीच खाल्ला असता. दुसऱ्याचं खळं मागावं तर जी खळी दवाखान्यात आणि पोस्टात गेली नव्हती, तिथे मळणीच्या बैलांची पात फिरत होती. सगळ्यांनाच घाई होती.

"मालक, खायाचं काय वर्षभर? शिट्टी?"

तात्यारावांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "मला कळत न्हाई का?" ते हळूच म्हणाले. "पण आता गावाचं झालंय ते. मी रेघ मोडली तर लोक म्हनतेल, तात्यारावानं स्टँड घालवलं. जलमभर तेच ऐकावं लागंल."

धुरपताबाई तशीच माणिकरावांकडे गेली. सरपंचांनी नुकतीच उडी मारली होती. धापा टाकत त्यांनी ऐकून घेतलं.

"धुरपता, तुझं खरं हाय. पण चार-पाच दिसाचा तर सवाल. साहेब येऊन गेले की सारव."

"साहेब येईस्तोवर आभाळ थांबतंय का?"

"माझ्या एकट्याच्या हातात न्हाई बाई. साहेब काय बोलले? बदल करायचा तर सगळ्यांना विचारून."

"मग बोलवा सगळ्यांना."

"कशाला?"

"विचारायला."

माणिकरावांना नाही म्हणता येईना. संध्याकाळी लिंबाखाली पुन्हा गाव बसलं. धुरपताबाई रेघ पुसायला मागणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि "न्हाई" तोंडात तयार ठेवूनच माणसं आली होती. धुरपताबाई उठली, पदर सावरला, आणि म्हणाली, "रेघेला मी हात लावत न्हाई."

तयार ठेवलेलं "न्हाई" कोणालाच कामी आलं नाही.

"मला इतकंच इचारायचंय. स्टँड आखलं, पण स्टँडात काय चालंल आन् काय न्हाई, हे ठरवलं का कुणी?"

गावाने एकमेकांकडे बघितलं. ठरवलं नव्हतं. मोठी चूक राहून गेली होती, आणि चूक लक्षात आणून दिल्याबद्दल मास्तरांनी धुरपताबाईचं कौतुक केलं. लगेच ठरवायला सुरुवात झाली. बसायला चालेल. थुंकायला चालणार नाही. विडी? विडीवर बराच वेळ गेला. शेवटी बाहेरच्या अंगाला चालेल असं ठरलं.

"पाटी कशावर लावायची?" धुरपताबाईने विचारलं.

"खांब लागंल की," तात्याराव पुढे सरसावले. "मधोमध. चांगला जाड."

"गाडी आली की सरळ जाणार का वळणार?"

"वळणारच. खांबाला वळसा घालून," तात्याराव म्हणाले. "पाथरीला तसंच हाय."

"आन् सामान?"

"सामान चालतंच," मुंजाजी म्हणाला. "सामानाबिगर प्रवासी कसला?"

"किती?"

"ज्याचं जेवढं असंल तेवढं."

"किती येळ ठेवावं?"

हा प्रश्न सगळ्यांना फारच सोपा वाटला. "गाडी येईस्तोवर!" चौफेर आवाज उठला.

"गाडी कवा येनार?"

"दोन हजार साली!"

"सगळ्यांना मंजूर?"

सगळ्यांचे हात वर झाले. तात्यारावांनी तर दोन्ही हात वर केले. पंचफुलाने पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलवत ती बराच वेळ तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला आणि धुरपताबाई पाट्या घेऊन स्टँडवर हजर झाल्या. शिट्टी वाजली.

"स्टँड झाडून सारवायलोत," धुरपताबाई म्हणाली. "सामान ठेवायचं तर जागा स्वच्छ नको?"

तात्यारावांनी शिट्टी तोंडातून काढली. पाथरीचं स्टँड त्यांनी बघितलं होतं. स्वच्छतेच्या मुद्द्यावर ते काही बोलू शकत नव्हते. दोघींनी रेघेच्या आत, रेघेला धक्का न लावता, सारं स्टँड शेणाने सारवलं. दुपारी मधोमध तिवडा रोवला गेला. तिवडा म्हणजे खळ्यातला तो खांब, ज्याला बांधून बैल गोल फिरवतात. तात्यारावांनी स्वतः तो रोवला आणि लांब जाऊन आपली पाटी त्यावर कशी दिसेल, हे मान वाकडी करून बघितलं. सरजाबाईने येऊन तिवड्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी ज्वारीची गाडी आली.

"हे काय?" तात्याराव म्हणाले.

"सामान."

"एवढं?"

"ज्याचं जेवढं असंल तेवढं. गावानं हात वर केलेत. तुमी तर दोन केले."

तात्यारावांनी आधी गाडीकडे बघितलं, मग रेघेकडे. मग त्यांना हळूहळू हसू फुटलं. आधी मिशीत, मग पोटात. बैल आपलेच, खळं आपलं, ज्वारी आपली, आणि रेघ शाबूत. "आता गाडी कोन वळवनार?" त्यांनी विचारलं.

"कंट्रोलरचं काम न्हाई का ते?"

तात्यारावांनी बैलांना मुसक्या घातल्या, पात जुंपली आणि शिट्टी वाजवून गाडी सोडली. कणसं पसरली होती, बैल तिवड्याभोवती फिरत होते, आणि दर वळशाला तात्याराव ओरडत होते, "पाथरी, सेलू, परभनी! मागं सरका!" बघायला अर्धं गाव जमलं. मुंजाजी हरकत घ्यायला आला होता, पण काय मोडलं ते त्याला सांगता येईना. रेघ जागेवर होती, खांब ठरला होता, वळसा ठरला होता, सामान ठरलं होतं. हरकत घ्यायला आलेला माणूस दोन दिवस पात हाकू लागला.

मळणी संपत आली होती आणि साहेब आले. ठरल्या दिवशी, दुपारच्या वक्ताला. फटफटी बंद करून ते तरातरा स्टँडच्या दिशेने निघाले आणि रेघेवर पाय ठेवणार, तोच सारं गाव एका आवाजात ओरडलं.

"बूट!"

साहेब एका पायावर उभे राहिले.

सारवलेल्या, पुजलेल्या खळ्यात पायताण घालून कोणी जात नाही. हे उंबरथडीत कोणाला सांगावं लागत नव्हतं आणि म्हणून कसं सांगावं, हेही कोणाला सुचेना. साहेब मुकाट्याने बूट काढू लागले. डाव्या मोज्याला भोक होतं. गावाने दुसरीकडे बघितलं.

"हे स्टँड आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"मग बूट का?"

तात्यारावांनी शिट्टी वाजवली. "स्टँडात पायताण चालत न्हाई साहेब. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

खरं तर ते ठरवलेलं नव्हतं. पण त्या घडीला सगळ्यांना ते ठरवल्यासारखं वाटलं.

"वा," साहेब म्हणाले. "आणि बैल का फिरतायत?"

धुरपताबाई पुढे झाली. "गाडी वळायला जागा पुरती का, ते बगायलोत."

"आणि ही ज्वारी?"

"सामान हाय."

"कोणाचं?"

"माझं."

"कुठे निघालंय?"

"घरला."

"अहो, पण गाडी तर अजून..."

"गाडीचा भरवसा न्हाई म्हनून तर बैल लावलेत, साहेब."

साहेबांनी त्या महिन्यात बरीच गावं केली होती. कुठे चार खुंट्या, कुठे दोन, एका गावाने तर सन दोन हजारात काहीच लागणार नाही असं कळवलं होतं. ते अनवाणी आत आले. सारवलेली जमीन पायाला गार लागली. पंचफुलाने बसायला पोतं टाकलं, सरजाबाईने नव्या ज्वारीच्या दाण्यांची मूठ पुढे केली. साहेबांनी तिथेच बसून नकाशावर स्टँड घेतलं. गोल.

"बाकीचं दाखवा आता," ते म्हणाले, आणि वारं सुटलं.

पश्चिमेकडून काळंभोर आभाळ उठलं होतं. साहेबांनी नाला आठवला, काळ्या मातीचा रस्ता आठवला आणि ते उठलेच. "बाकीचं उद्या!" असं ओरडत ते फटफटीकडे पळाले. मोज्याने लाथ मारून फटफटी सुरू करणं सोपं नसतं, पण त्यांनी ते केलं.

उपणायला वेळच नव्हता. "सामान भरा!" तात्याराव गरजले आणि सारं गाव खळ्यात शिरलं, अनवाणी. भुसकटासकट दाणा पोत्यांत गेला. माणिकरावांनी सोगा खोचून पोतं पाठीवर घेतलं आणि घाईघाईत डांबरी रस्ता, पोस्ट आणि निम्मा दवाखाना तुडवत ते पळाले. कोणी हटकलं नाही. मागून येणारेही तेच तुडवत होते. शेवटचं पोतं आत गेलं, धुरपताबाईने दार ओढलं आणि पत्र्यावर पहिली गार वाजली. ती दाराला पाठ लावून खाली बसली. भुसकटाने भरलेल्या केसांनी, पोत्यांकडे बघत.

सकाळी सन दोन हजार साल वाहून गेलं होतं. स्टेशन नाही, पोस्ट नाही, घरांची ओळ नाही. माळावर सगळीकडे सारखाच पांढरट चिखल होता. तुडवून टणक झालेलं खळं मात्र जागेवर होतं, मधे तिवडा, आणि काठाला साहेबांचे बूट, पाण्याने भरलेले.

साहेब आले ते पायात चपला घालून. माळ बघून त्यांनी मान हलवली. "खुणाच नाहीत. काय घेऊ मी नकाशावर? स्टँड तेवढं झालं, बाकी आता पुढल्या वेळी."

पुढली वेळ म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं. साहेब बूट उचलायला वाकले.

शिट्टी वाजली.

"सामान हाय ते, साहेब," तात्याराव म्हणाले.

"माझे बूट आहेत!"

"व्हय. पण स्टँडात ऱ्हायलेलं सामान गाडी येईस्तोवर ऱ्हातंय. नियम हाय."

"आणि गाडी कधी येणार?"

"दोन हजार साली," सारं गाव म्हणालं.

साहेबांनी सरपंचांकडे बघितलं. माणिकरावांनी हात जोडले. "माझ्या एकट्याच्या हातात न्हाई साहेब. बदल करायचा तर सगळ्यांना विचारून. तुमीच सांगितलंय."

"मग विचारा!"

"बसावं लागंल," धुरपताबाई म्हणाली. "बसलोच हावोत तर ऱ्हायलेलं लिहून घ्या. खुणा गेल्या, मानसं हायेत की. ज्याला जे लागंल, ते तो सांगंल."

साहेबांनी एकदा बुटांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि चपला काढून ते खळ्यात बसले. मुंजाजीने स्टेशन सांगितलं. सरजाबाईने दवाखाना आणखी जवळ सरकवला. रस्ता आपल्या दारापासून जरा दूर होता, असं माणिकरावांना आठवलं. पंचफुला साहेबांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि घरांची ओळ एकच निघते की नाही, ते शेवटच्या घरापर्यंत बघत राहिली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"एक ऱ्हायलं," धुरपताबाई म्हणाली. "स्टँडाच्या खाली लिहा. सुगीत गाडी येऊ नये. खळं चालू असतंय."

साहेबांनी लिहिलं. मग हात वर करून ठराव झाला आणि बूट सुटले. तात्यारावांनी ते स्वतः उलटे करून पाणी काढून दिले आणि साहेबांची फटफटी दिसेनाशी होईपर्यंत शिट्टी वाजवली.

ऊन चढलं तसं गाव पांगलं. धुरपताबाईने घरी जाऊन पहिलं पोतं सोडलं, सुपाने पाखडलं, दोन मुठी जात्यात टाकल्या. भाकरी तव्यावर टाकून ती दारात आली. तात्याराव अजून दगडावरच होते, मान लांब करून फाट्याकडे बघत.

"अवो कंट्रोलर!" तिने हाक मारली. "गाडी दोन हजारला हाय. भाकर आत्ता हाय."

तात्याराव उठले. खळ्याच्या तोंडाशी त्यांनी बाभळीची फांदी आडवी लावली, गुरं शिरू नयेत म्हणून. मग जरा विचार करून फांदी थोडी बाजूला सरकवली, प्रवाशापुरती वाट ठेवली, आणि घराकडे निघाले.